सरळ केलेल्या फळ्या

सोलंग, मनाली
१४ जानेवारी १९८१

ती. दादास,

सुलाचा सविनय जयभीम. आईला आणि लतावहिनींना माझा जयभीम सांग. रीत इथवर झाली, आता राग.

माझ्या स्कींना तू काय केलंस?

काल इथे पोचल्यावर सामानाची तपासणी होती. आमचे उस्ताद कुलूकडचे, मोजकं बोलणारे. तू गोणपाटात शिवून दिलेली जोडी मी सगळ्यांसमोर मोठ्या कौतुकाने उसवली. त्यांनी दोन्ही फळ्या तळाला तळ लावून धरल्या आणि बराच वेळ बघत राहिले. चांगल्या जोडीची टोकं आणि शेपट्या तेवढ्या टेकतात, मधे, जिथे बूट बसतो तिथे, बोटं जातील एवढी फट राहते. माझ्या जोडीत कागदसुद्धा जाईना. त्यांनी मला विचारलं, की यांना इस्त्री कुणी केली. सगळी तुकडी हसली. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला.

ती फट म्हणजे स्कीची कमान, दादा. ती मुद्दाम ठेवलेली असते. माणूस वर उभा राहिला की ती दबते आणि फळी टोकापासून शेपटीपर्यंत बर्फाला सारखी लागते. तेव्हा कुठे तिच्या पोलादी कडा बर्फ धरतात. कमान गेली की सगळा भार पायाखाली येतो, टोकं अधांतरी राहतात आणि कडक बर्फावर साबणावरून जावं तसा माणूस जातो. आज सकाळी मी तशीच गेले, थेट कुंपणात.

लाकूड उन्हाळ्यात बसू नये म्हणून मी जोडीची दोन्ही टोकं दोरीने आवळून मधे सागाचा ठोकळा घातला होता. तो ठोकळा कुठे आहे? तळाचं मेणही कुणीतरी रॉकेलने धुऊन काढलंय. मेणाचं मी बघून घेईन, इस्त्री फिरवून नवं चढवता येतं. कमान तशी चढवता येत नाही.

दिवाळीला घरी आले होते तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं, की फेब्रुवारीच्या मध्यावर इथली संस्था मुलींना स्की शिकवायला शिक्षिका निवडणार आहे. जागा एक, आणि वयाची अट अशी की पुढच्या वर्षी मला उभंच करणार नाहीत. संस्थेच्या उसन्या स्की पुरुषांच्या मापाच्या, त्यांच्या चापात माझा बूट खुळखुळतो. म्हणून ही जुनी जोडी मी जिवापाड सांभाळली. काय केलंस आणि कसं केलंस ते उलट टपाली लिही. एखादवेळेस मागे फिरवता येईल.

तुझा लोभ आहे हे मला माहीत आहे. सध्या तो जरा लांबूनच कर.

तुझी,
सुला


नाशिक
२६ जानेवारी १९८१

चि. सुला हीस,

दादाचा सप्रेम जयभीम. आज कारखान्याला सुट्टी म्हणून सविस्तर लिहितो. पत्र सगळ्यांत मोठ्याने वाचायचं ही आपल्या घरची पद्धत. लताने तुझं पत्र वाचायला घेतलं आणि सुरुवातीलाच अडखळली. मग मी ते आत नेऊन वाचलं. थोरल्या भावाला असं लिहितात का? कळवणच्या शाळेत मुलांना कवायतीबरोबर हेच शिकवतेस?

काय केलं विचारतेस, तर सुधारलं. पावसाच्या आधी माळा आवरताना तुझ्या फळ्या हाती लागल्या. दोन्ही धनुष्यासारख्या वाकलेल्या आणि मधे ठोकळा ठासलेला. मला वाटलं, कुणा शहाण्याने ठोकळा घातला आणि त्यानेच चांगलं लाकूड वाकलं. मी ओझरला फिटर आहे, सुला. आमच्याकडे तुकड्यावर लोखंडी पट्टी ठेवतात आणि पट्टीखालून उजेड दिसला की तुकडा बाद. तुझ्या फळ्यांखालून तर उजेड काय, हात जात होता. ठोकळा बंबात घातला. फळ्या ओल्या गोणपाटाने शेकल्या, दोन लोखंडी अँगलमध्ये धरून शिकंजे लावले आणि कामावरून आलो की रोज थोडे थोडे आवळत गेलो. पावसाळाभर हेच चाललं होतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला काढल्या तेव्हा पट्टीखाली उजेडाचा दोरा नव्हता. एवढं समाधान मला कारखान्यात कधी झालं नाही. तुला सांगितलं नाही, म्हटलं बर्फावर गेल्यावर आपोआप कळेल. आणि बक्षीस काय, तर हे पत्र!

आता माझं ऐक. भिमाजीमामांनी स्थळ आणलंय. मुलगा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आहे, शिकलेला, निर्व्यसनी. त्याच्या घरची माणसं १५ फेब्रुवारीला, रविवारी, बघायला येणार आहेत. तुझी निवड त्याच दिवसांत आहे हे माझ्या लक्षात आहे. निवड पुन्हा होईल, काही मार्ग निघेल. अशी माणसं पुन्हा दारात येत नाहीत. मी शब्द देऊन बसलोय. गल्लीत लोक मला विचारतात, बहीण मिलिटरीत गेली का. मी त्यांना काय सांगू, की हातात चांगली मास्तरकी असताना ती बर्फावर घसरायला गेलीय?

तेरा तारखेपर्यंत घरी ये. तब्येत सांभाळ. आमची माया पातळ झालेली नाही, तुझी जीभ तेवढी आवर.

तुझा,
धोंडीराम


सोलंग
५ फेब्रुवारी १९८१

ती. दादास,

सविनय जयभीम. बंबात घातलास! मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. त्या ठोकळ्यावर आंघोळीचं पाणी तरी नीट तापलं का?

तुझं पत्र मी उस्तादांना हिंदीत सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं, हसले नाहीत. म्हणाले, काम फार मन लावून केलंय, म्हणूनच काही उपाय उरला नाही. कुणी आडदांडपणे वाकवलं असतं तर लाकूड तडकलं असतं किंवा परत उठलं असतं. आम्ही नवा ठोकळा घालून जोडी शेगडीजवळ बांधून ठेवलीय. रोज सोडून बघते. कागद जातो आता, बोट जात नाही.

वहिनी म्हणतील, हिचा राग फळ्यांचा नाही. फळ्यांचाच आहे. आधी फळ्यांचा, मग बाकीचा. तुला स्कीतलं कळलं नाही याचा मला राग नाही, नाशकात कुठे बर्फ पडतं? पण एक पोस्टकार्ड टाकायला काय झालं होतं? मी कळवणला होते, चंद्रावर नव्हते. तू विचारलं नाहीस, कारण विचारावं असं तुझ्या मनातही आलं नाही. वस्तू माझी, आणि ती बिघडलीय हे ठरवलंस तू. पंधरा तारीखही तूच ठरवलीस, आणि ती तर सगळं माहीत असताना. दोन्ही वेळा माझं भलं व्हावं म्हणून. मला तुझ्या भलं करण्याची भीती वाटायला लागलीय, दादा.

मला कॉलेजच्या मैदानावर सायकलवर डबलसीट कोण नेत होतं? मी चड्डी घालून पळते म्हणून गल्ली तेव्हाही बोलत होती. तुला तेव्हा ऐकू येत नव्हतं. आता एकदम कान कसे आले?

एकलहऱ्याच्या मुलावर माझा राग नाही. चांगला असेल. त्यांना आजच्या आज कळव, की मुलगी निवडीला बसलीय आणि पंधराला येणार नाही. कळवलं नाहीस आणि ती माणसं हेलपाटा घालून आली, तर ती फजिती तुझी, माझी नाही.

आईला नमस्कार. तुझ्यावरची माया मी काही फेकून दिलेली नाही, पण आत्ता ती मला सापडत नाहीये.

सुला


नाशिक
११ फेब्रुवारी १९८१

चि. सुलाबाई यांस,

लताचा जयभीम. हे पत्र आईंचं. त्या बोलतात तसंच लिहितेय, एक शब्द मला बदलू देत नाहीत.

सुले, आशीर्वाद. तुमी दोघं भनभाऊ कागदावर भांडता आन् कागद येतो माझ्या घरात. मला वाचता येत नाय, पन लता वाचती तव्हा तिचा आवाज पडतो, त्याच्यावरून मला समदं कळतं. त्या फळ्यांनी पावसाळाभर माझी पडवी अडवली. रोज शेकायचं, रोज आवळायचं. मी धोंडीरामाला म्हनले व्हते, पोरीनं दोरी बांधून ठिवलीय, त्यात काय तरी असंल, हात नको लावू. तर म्हने, आई, तुला यातलं काय कळतं. मला नाय कळत. पन दुसऱ्यानं बांधलेलं सोडू नाय, एवढं कळतं.

तुझा बी लय राग हाय मला. एवढी मोठी निवड, आन् गोनपाट उसवून एकदा बघवलं नाय? दादानं शिवलंय म्हनून तसंच खांद्याला मारून चालली. काडीचा इचार नाय.

एकलहऱ्याला कळवलं का, म्हनून मी त्याला रोज इचारते. भिमाजीला काय तोंड दावू म्हनतो. रविवारी मानसं आली तर मी भाईर येनार नाय आन् पोहे बी करनार नाय. शब्द त्यानं दिलाय, पोहे त्यानंच करावं.

तिकडं थंडी लय असंल. कानाला बांधत जा. हातपाय मोडून घिऊ नको, आन् निवड सोडून बी येऊ नको.

आईंचं इथे संपलं. माझं एवढंच, की मी तुमच्या बाजूने आहे आणि ते घरात बोलून दाखवलंय. माणसं आली तर चहा मी करीन, त्यांचा काय दोष?

लता


सोलंग
१९ फेब्रुवारी १९८१

ती. आईस व दादास,

सविनय जयभीम. माझी निवड झाली नाही.

पहिल्या दिवशी नवशिक्या मुलींना शिकवून दाखवायचं होतं. बर्फ मऊ होतं, आणि त्यात मी सगळ्यांत वरचढ होते असं उस्तादांनीच सांगितलं. दुसऱ्या दिवशी उतार गोठून काचेसारखा झाला. निशाणं लावलेली होती, त्यांच्यामधून वळत खाली यायचं. मोठ्या वळणावर मी कडांवर जोर दिला आणि कडांनी धरलंच नाही. निशाणाच्या बाहेर फेकली गेले. उठून खालपर्यंत आले, पण बाहेर गेलं की बाद. निवडलेली मुलगी इथलीच आहे, फार चांगली आहे. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.

आई, गोणपाट उसवून बघायला हवं होतं, तेवढी चूक माझी. ती मी पदरात घेतली.

दादा, नापास होणं मी पचवलं असतं. शाळेत मुलांना तेच तर शिकवते, की हरलास तर कुठे कमी पडलास ते बघ. मी काय बघू? मी कमी पडले की फळ्या कमी पडल्या, हे मला आता कधीच कळणार नाही. म्हातारी होईन तरी कळणार नाही. तू माझ्याकडून नेमकं तेवढं काढून घेतलंस. जागा गेली त्याहून मला याचा संताप आहे.

उस्ताद म्हणाले, हंगाम संपेपर्यंत राहा आणि नव्या मुलींना उभं राहायला शिकव. पगार नाही, जेवण आणि बिछाना मिळेल. मी हो म्हटलंय. पुढचं माझं ठरलेलं नाही. मला न्यायला कुणी येऊ नका.

घरच्या सगळ्यांची आठवण येते. तीही रागानेच येते.

सुला


नाशिक
८ मार्च १९८१

चि. सुला हीस,

दादाचा जयभीम. पत्र किती वेळा लिहायला घेतलं आणि फाडलं. लता म्हणते, घरात शाई तुमच्यामुळे संपते.

एकलहऱ्याची माणसं आली होती. मी कळवलंच नव्हतं. वाटत होतं, रागावशील, पण शेवटच्या गाडीने का होईना, येशील. आई आतून बाहेर आली नाही. मुलाच्या वडिलांनी विचारलं, मुलगी कुठे आहे. मी म्हणालो, परीक्षेला गेलीय, पण आमच्या शब्दाबाहेर नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, की हे ती म्हणाली आहे का. मी लताला आणखी चहा आणायला सांगितला. मग ते म्हणाले, उद्या तिने आमच्या दारात नाही म्हटलं तर आम्ही तुमच्या शब्दाचं काय करायचं? आवाजही चढवला नाही त्यांनी. उठून गेले. भिमाजीमामा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. या सगळ्याचा मला तुझ्यावर भयंकर राग आहे. आईसमोर आणि लतासमोर तू मला उघडं पाडलंस. पत्रातली भाषा तर अशी, की शेजाऱ्यालाही कुणी लिहू नये.

पण तुला कधीच कळणार नाही ही ओळ वाचली तेव्हापासून मला घास जात नाही. माझा एखादा तुकडा बाद झाला तर मला बोलावतात, पट्टी ठेवून दाखवतात, की बघ, इथे चुकलंय. माणूस चिडतो, पण त्याला चूक दिसते. मी तुला तेवढंही ठेवलं नाही. रोज संध्याकाळी शिकंजा आवळताना मी शिट्टी वाजवत होतो, हे आठवलं की स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते. माफी मागत नाही. मागितली तर मी थोरला म्हणून तू ती देऊन टाकशील, आणि एवढ्यात तू देऊ नयेस.

काल कळवणहून तुझे हेडमास्तर नाशकात कामाला आले होते, घरी येऊन गेले. तुझी रजा महिनाअखेर संपते. ती वाढवायची की तुझ्या जागी दुसरं माणूस घ्यायचं, हे शाळेला कळायला हवं. म्हणाले, तुम्ही थोरले बंधू, तुमची सही चालेल. रजावाढीचा अर्ज पुढे ठेवला, पेनही उघडून दिलं. तू ती नोकरी सोडू नयेस आणि घरी यावंस असं मला वाटतं. काल वाटत होतं आणि आजही वाटतं. पेन हातात घेतलं होतं मी, सुला.

सही केली नाही. त्यांना म्हणालो, तिला विचारून सांगतो.

तर विचारतोय. काय सांगू?

दादा