सात दिवस गाय वर्ज्य

रविवार, ९ फेब्रुवारी

ती. वहिनी,

वाकून नमस्कार. (कंबर अजून वाकते, तेव्हा माझ्या तब्येतीचं वर्तमान यातच आलं असं समजावं.)

उत्तराला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागते. तुमचं पत्र येऊन महिना होत आला, आणि नणंदेला दोन ओळी लिहायला सवड नाही असं तुम्ही म्हणत असणार. सवड होती. उत्तर दोनदा लिहूनही झालं होतं. पण दोन्ही वेळा ते मी प्रयोगशाळेच्या आत, जेवणाच्या सुट्टीत लिहिलं आणि आत गेलेला कागद बाहेर येत नाही, हे सही करताना आठवलं. एकोणीस वर्षं जनावरांच्या साथीच्या रोगांवर काम करणाऱ्या बाईला हे आठवावं लागतं, यात काय ते समजा. तशी सोय आहे. आतल्या कागदाचा फोटो यंत्रातून बाहेर पाठवता येतो. पण तो फोटो निघतो थेट आमच्या साहेबांच्या टेबलावर, आणि पहिल्या पत्रात साहेबांविषयी एक परिच्छेद होता. दुसऱ्यात दोन होते. म्हणून हे तिसरं पत्र घरी बसून लिहिते आहे आणि त्यात साहेब येणार नाहीत.

दादाचा पाय आता कसा आहे? जिना चढतो का? तुमची पाठ? आणि गोठ्यातली पुढारीण कशी आहे? (आधी दादाचं विचारलं, याची नोंद घ्यावी. मागच्या वेळी मी उलट क्रमाने विचारलं होतं आणि ते तुम्ही अजून काढता.)

आता मुद्द्याचं. तुम्ही लिहिलंत, की भिंगरीला जनावरांची डॉक्टर केली ती आपल्या गोठ्यासाठी, आणि पदवी हातात पडल्याबरोबर ही पोर म्हणते, मी आत्यासारखी रोगांवर संशोधन करणार. फेब्रुवारीअखेरीला तिला आमच्या प्रयोगशाळेला होय की नाही ते कळवायचं आहे. "तिला चांगली घाबरव. माझं ऐकत नाही, बापाचं ऐकल्यासारखं करते, पण तुझ्या एका 'नको'वर थांबेल." हे तुमचे शब्द. पोटच्या पोरीला घाबरवायचं काम आईने नणंदेवर सोपवावं, हा माझ्या धंद्याचा मोठाच गौरव आहे. मी ते मनापासून केलं. गेल्या आठवड्यात तिला फोन लावला आणि एकेक सांगत गेले. तिला काय काय सांगितलं ते तुम्हालाही कळवते, म्हणजे काम टाळलं असं व्हायला नको.

आधी आंघोळ सांगितली. आमच्या कामाची सुरुवात कपडे उतरवण्याने होते आणि शेवट आंघोळीने. (एका स्थळाला मी हे असंच सांगितलं होतं. ते लोक पुन्हा आले नाहीत.) बाहेरचे कपडे बाहेर, आतले आत, आणि बाहेर पडताना डोक्यावरून पूर्ण तीन मिनिटं पाणी, चष्मासुद्धा औषधाच्या पाण्यात बुडवून. दिवसातून आत-बाहेर तीनदा झालं तर तीन आंघोळी. माझे केस गेल्या एकोणीस वर्षांत पूर्ण वाळलेले कोणी पाहिलेले नाहीत. आमच्या गल्लीतल्या शिंपीणबाई मला एकदा म्हणाल्या, "ताई, खरं सांगा, तुम्ही ऑफिसात जाता की पोहायला?"

मग स्वेटर सांगितला. तुम्ही दोन महिने खपून विणलेला तो तपकिरी स्वेटर मी या थंडीत का घालत नाही, हे तुम्ही प्रत्येक फोनवर विचारता आणि मी विषय बदलते. वहिनी, आत फार गारठा असतो. मी तो आत नेला. आणि आत गेलेली वस्तू बाहेर येते ती वाफेच्या यंत्रातून, एरवी नाही. स्वेटर बाहेर आला. तो आता माझ्या चहाच्या किटलीला अगदी बेतून विणल्यासारखा बसतो, एका बाहीतून तोटी आणि दुसऱ्या बाहीतून कान. चहा फार वेळ गरम राहतो. लोकर उत्तम होती.

मग तो नियम. तो तुम्हाला ठाऊक आहे, पण का आहे ते मी कधी नीट सांगितलेलं नाही. आम्ही लाळ्या-खुरकूतच्या विषाणूवर काम करतो. तो आपल्याला काही करत नाही, पण आपल्या नाकात-घशात थोडा वेळ मुक्काम करू शकतो, आणि त्या अवस्थेत आपण गाईशी गुजगोष्टी करायला गेलो तर पुढचं सांगायला नको. म्हणून आमच्याकडे आतून बाहेर आल्यावर सात दिवस गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर सगळं वर्ज्य. जन्मभर गाईंसाठी राबायचं आणि गाईपासून लांब राहायचं. डॉक्टरीणबाई अशा, की गोठ्याला त्यांच्यापासून धोका!

आणि यावर कळस म्हणून टँकरची गोष्ट सांगितली. ती तुम्ही डोळ्यांनी पाहिलीत, पण माझ्या बाजूने ऐकलेली नाही. दादाचा पाय मोडला तेव्हा मी निघून आले तो आतून बाहेर पडल्याचा चौथा दिवस होता. म्हणून घरात पाऊल न टाकता मी रस्त्यापलीकडे मास्तरांकडे उतरले, आणि दादाला तुम्ही खुर्चीत घालून फाटकाशी आणलंत. त्याची खुर्ची तिकडे, माझी इकडे, मधून सायकली, मोटारी. त्याला "दुखतं का रे?" विचारायचं तर ते निम्म्या गल्लीला ऐकू जायचं, आणि उत्तर गल्लीच द्यायची. इतकं सगळं मी सांभाळलं होतं. पण पुढारीण ही वासरू असताना मी एका सुट्टीत तिला बाटलीने दूध पाजलं होतं, ते ती विसरली नव्हती. तेव्हा ती माझ्या कमरेला लागत होती. आता दावं तोडून, फाटक उडवून, रस्ता ओलांडून आली ती केवढीतरी होऊन. मी उठले, पळाले आणि डोळ्यांसमोर दुधाचा टँकर उभा होता त्याच्या मागच्या शिडीने थेट टपावर गेले.

सगळी गल्ली जमली. तुम्ही दोर घेऊन आलात आणि खालून ओरडलात, "अगं, गाईंची डॉक्टरीण ना तू? उतर खाली, ती काय खाते का तुला?" मी वरून, "वहिनी, मला नाही, तिला धोका आहे! तिला लांब न्या!" आणि पुढारीण खाली टँकरची चाकं चाटत उभी. टँकरवाला शेवटी म्हणाला, "ताई, मला अजून तीन गोठ्यांवर जायचंय. बसून येणार असाल तर घट्ट धरा." तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की साऱ्या रस्त्यात लपायला मी नेमकी अशी गाडी निवडली जी दिवसभर गोठ्यागोठ्यांतून हिंडते. मग त्या बिचाऱ्याला थांबवून, औषधाचं पाणी कालवून, अख्खा टँकर मी स्वतः धुतला. शिडी दोनदा. (तो अजून मला ओळखतो. मान फिरवतो, म्हणजे ओळखतोच.)

नंतरचे दहा दिवस मला झोप नव्हती. रोज फोन करून मी पुढारिणीचा ताप विचारायचे. खाते का, लाळ गळते का, खूर उचलते का. तुम्ही वैतागून म्हणालात, "नवऱ्याचा पाय मोडून पडलाय माझ्या, त्याचं विचारशील का जरा?" तिला काहीच झालं नाही. दादाला मात्र तुमच्याकडून बरंच ऐकावं लागलं, असं तो म्हणतो. मी परत गेले ती आधी आमच्या नियमबाईंपुढे उभी राहिले. (यांचं काम म्हणजे कोण आत गेलं, कोण किती वेळ पाण्याखाली उभं राहिलं ते पाहणं. त्यांना हसताना पाहिलेलं माणूस आमच्याकडे अजून भरती व्हायचं आहे.) झालं ते सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही गाईजवळ गेलात?" मी म्हटलं, "नाही, गाय माझ्याजवळ आली." त्या म्हणाल्या, "तसा रकाना नाही." आणि महिनाभर माझी आत जायची किल्ली काढून घेतली. तो महिना बाहेरच्या खोलीत बसून काढला आणि स्वतःला बरंच काही विचारलं. इतकी वर्षं घालवून हातात काय आलं? ओले केस आणि एक किटलीचा स्वेटर.

एवढं सगळं सांगून झाल्यावर मी भिंगरीला म्हटलं, "तर मग, आता बोल." ती इतका वेळ हसत होती. एकदम थांबली आणि म्हणाली, "आत्या, त्या वाट्या जांभळ्या झाल्या तेव्हा तू पहिलं कुणाला सांगितलंस?"

वहिनी, तुम्हाला आठवत असेल, ज्या वर्षी आपल्या गोठ्यात रोग शिरला त्या वर्षी लस टोचलेली होती. तरी शिरला. तोंडातून लाळेच्या तारा, खुरांना जखमा, उभ्या राहू शकत नव्हत्या आणि दूध तर आटूनच गेलं. तुम्ही मला विचारलंत, लस होती ना गं? लस होती, पण रोगाने अंगरखा बदलला होता आणि जुन्या लसीला तो ओळखूच आला नाही. त्या नव्या अंगरख्याला ओळखणारी लस जुळवणं, हे माझं काम. एका ताटलीत इवल्या इवल्या वाट्या असतात, त्यांत जिवंत पेशी, वर तो विषाणू आणि लस टोचलेल्या गाईच्या रक्तातलं पाणी. लस लागू पडली तर पेशी जगतात आणि रंग टाकला की वाटी जांभळी होते. नाही पडली तर वाटी कोरी. तीन वर्षं मी कोऱ्या वाट्या बघितल्या. गेल्या पावसाळ्यात एका दुपारी रंग टाकला, धुतला, ताटली उजेडात धरली, आणि सगळी ओळ जांभळी.

मी धावत सुटले ती न्हाणीघरात, कारण बाहेर पडून कुणाला तरी सांगायचं होतं. डोक्याला साबण लावला आणि पाणी गेलं. मागे जाता येत नाही, कारण आतले कपडे टाकून दिलेले. पुढे जाता येत नाही, कारण तीन मिनिटं झालेली नाहीत. भिंतीवर बोलायचं यंत्र आहे, पलीकडे नियमबाई. मी डोळे मिटून, साबणाने माखलेली, ओरडले, "बाई, सगळ्या वाट्या जांभळ्या झाल्या! सगळ्या!" पलीकडून आवाज आला, "अभिनंदन. तुमची दोन मिनिटं बाकी आहेत." टाकी भरेपर्यंत मी तशीच उभी होते आणि माझ्या जन्मात मी इतकी सुखी कधी नव्हते. (मागाहून आमच्या इंजिनियरने सांगितलं, की त्या वेळी नियमबाई टेबलावर डोकं टेकून हसत होत्या. माझा विश्वास नाही.)

हे सगळं मी भिंगरीला सांगितलं. ती म्हणाली, "आत्या, साबणाचं पुन्हा सांग," आणि मला कळलं, की घाबरवायचं काम माझ्या हातून पार बिघडलं.

तेव्हा वहिनी, तुम्ही मागितलेला 'नको' माझ्याकडे नाही. चार दिवस शोधला. माझं उत्तर स्वच्छ आहे. तिला येऊ द्या. पोरीचं डोकं चांगलं आहे, हात स्थिर आहे, आणि कोऱ्या वाट्या बघत बसायला लागतो तो हट्ट तिने तुमच्याकडून घेतला आहे. तुमचं म्हणणं खोटं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. ती घरी येईल आणि सात दिवस फाटकाबाहेर बसेल. गाय विताना तुम्ही हाक माराल आणि ती असेल चार भिंतींपलीकडे, ओल्या केसांनी. हे मी गोड करून सांगत नाही. पण पुढच्या वेळी रोग नवा अंगरखा घालून आला, तर त्याला दारातच ओळखणारं कुणीतरी घरचं असेल. दादालाही हे वाचून दाखवा, टँकरचा भाग गाळून.

तुमची लाडकी (असं मीच म्हणते) नणंद

ता. क. हा कागद घरचा आहे, आतला नाही. बिनधास्त गोठ्यात बसून वाचा. पुढारिणीने खाल्ला तरी हरकत नाही, फक्त तिने आधी शेवटपर्यंत वाचू द्यावा.

ता. क. २. गोठ्याला डॉक्टर कोण, हा तुमचा प्रश्न राहिला. एप्रिलपासून मी आतलं काम सोडते आहे. नवी लस गोठ्यागोठ्यांत नेऊन टोचायची आणि महिनोन्‌महिने तपासायची, ते काम मी मागून घेतलं. म्हणजे मी कायमची बाहेर. सात दिवसांचा नियम सुटला. चाचणीत तुमचा गोठा घेणार नाही (नात्यातला गोठा घेतला तर निकालावर माझाच विश्वास बसायचा नाही), पण रविवारी रविवारी मी तुमची. पोर आत जाईल, तर आत्या बाहेर येईल. हिशोब बरोबर?

ता. क. ३. आता ज्यासाठी तीनदा पत्र लिहिलं ते. ते एक वासरू सोडलं, तर गेल्या एकोणीस वर्षांत मी गाय पाहिली ती नळीत, तीही रक्ताच्या रूपात. जिवंत गाईची मान कशी धरायची, कुठल्या बाजूने जायचं, माझे हात विसरले आहेत. त्या दिवशी टँकरवर मी नियमासाठी चढले असं सगळे म्हणतात, नियमबाईसुद्धा. वहिनी, नियम मला वर पोचल्यावर आठवला. मार्चमध्ये, आतून निघून सात दिवस झाले की, आठवडाभर येते. मला गाय धरायला शिकवाल का? सुरुवात पुढारिणीपासून नको. आणि भिंगरीला यातलं काही कळू देऊ नका. तिने परवाच विचारलं, "आत्या, तशा वेळी तुला नियम कसा सुचला गं?" मी म्हटलं, सवयीने.

उद्या करायचं काम: गमबूट विकत घेणे. जड बघून, शिडी चढता येणार नाही असे.