कपाटातल्या सहा गोळ्या

सोमवार, ६ नोव्हेंबर

लाडक्या कोराली,

तुला आणि मुलांना आशीर्वाद. वरच्या डोंगरावर बर्फ पडलं, गाई गोठ्यात आल्या. खिडकीतून बघताना शाळेतली हिवाळ्याची कविता आठवली. दुसरं कडवं मात्र काही केल्या आठवेना. तेव्हाही असंच व्हायचं. मग मधली ओळ मी स्वतःच रचून, न अडखळता म्हणून टाकायचो. बाईंना कधी कळलं नाही.

तुझ्या आईच्या कॅन्सरच्या औषधाचं चौथं सलाईन पुढच्या गुरुवारी, बेझांसोंच्या इस्पितळात. फुप्फुसातली गाठ आटली की नाही, ते तेव्हा कळेल. जेवण बरं आहे.

हे तर फोनवर सांगितलंच होतं. मग पत्र कशाला, म्हणशील. सकाळपासून तीनदा शेगडीत लाकडं घातली, गरज नसताना.

गेल्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मधे अँटिबायोटिक घेतलं का? तुझ्या आईच्या आधी मीच म्हणालो, नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं. आतड्यातले जंतू या औषधाला हात देतात असं दिसतंय, ते मेले तर औषध लंगडं पडू शकतं.

कोराली, तिला खोकला झाला होता. रविवार, दवाखाना बंद. माझ्या दाढेच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या कपाटात उरल्या होत्या. खोकल्याच्या आहेत असं सांगून मीच दिल्या.

चाळीस वर्षं चीज केलं मी. औषध दिलेल्या गाईच्या पायाला लाल पट्टी. तिचं दूध कढईत पडलं तर चीज बनवणारे जंतू मरतात आणि अख्खी कढई वाया जाते, हे मी दुसऱ्यांना शिकवलं.

काल तुझ्या आईला सांगितलं. बटाटे सोलत होती. सुरी थांबली नाही.

"गाईला पट्टी बांधायला कधी विसरला नाहीस. बायकोला बांधताना काय झालं होतं रे?"

हसली, मग खोकली. जेवताना म्हणाली, "डॉक्टरांना तूच सांगायचं. मी तोंड उघडणार नाही."

सांगितलं नाही, तर तिला औषध लागूच पडत नाही असं समजून ते बंद करतील. सांगितलं, तर काय करतील ठाऊक नाही. पण डॉक्टरीणबाई मायेनं विचारतील आणि माझ्या तोंडून पुन्हा 'नाही' निघेल, याची मला धास्ती आहे.

म्हणून त्या गुरुवारी तू ये. माझ्या शेजारी बस. मी 'नाही' म्हणालो, तर तू खरं सांग. बापाची लाज राखू नकोस.

आईला जपायला निघालेला,
तुझा बाबा