अमलाखाली नसताना

दहा वर्षांपूर्वी मेस्काल दारूच्या एका बाटलीचे दुकानदाराने माझ्याकडून साठ पेसो घेतले. मला ती समोरचे दोन दात, एक बायको आणि लेकीच्या पंधराव्या वाढदिवसाचा पहिला नाच एवढ्याला पडली. तो नाच बापाचा असतो. त्या दिवशी माझा धाकटा भाऊ नाबोर नाचला.

मी, एलेउतेरियो कुआउत्ले, वय एकसष्ट, धंदा ट्रक-बसची इंजिने दुरुस्त करणे, राहणार आत्लिश्को, हे मृत्युपत्र राजीखुशीने, अक्कलहुशारीने व कोणत्याही अमलाखाली नसताना लिहून ठेवतो. नऊ वर्षे मी थेंबाला शिवलेलो नाही. दारू सोडलेल्यांच्या आमच्या गटात दर वर्षी माझ्या नावाचा केक कापतात, विचारा कोणालाही.

१. गॅरेज, हत्यारांसह, माझी लेक येसेनिया हिचे. नुसते ऐकून ती इंजिनाचा आजार सांगते. कान माझा, शिस्त आईची. ज्याची मूठ कानाला लावून मी इंजिन ऐकतो, तो लांब स्क्रूड्रायव्हरही तिचाच.

२. नाबोरला जुन्या बसचा भोंगा द्यावा, बाकी काही नाही. मी ट्रकखाली आडवा असताना तो गिऱ्हाइकाला सांगत होता, "दारुड्याचा कागद कोर्टात टिकतो होय? सही करताना तर्र होता म्हटलं की गॅरेज माझं!"

३. गटातली दाराजवळची माझी खुर्ची, जो नवा माणूस सारखा दाराकडे बघेल त्याला द्यावी. पळता येते म्हटले की माणूस बसून राहतो.

(इथवर लिहिताना तीनदा उठलो. नोटरीची कचेरी दहाला उघडते. आता कुठे सव्वाआठ. हात कुठे ठेवावेत कळत नाही.)

४. गटात ज्यांनी माझा हात धरला ते माझे पाद्रिनो, फिदेन्सियो, एवढ्यात आले. आधी माझ्या तोंडाचा वास घेतला, मग कॉफी टाकली, मग हा कागद वाचला.

"नऊ वर्षं खोड."

"असू द्या हो, पाद्रिनो. शोभेला आहे."

"नाबोरच्या वाढदिवसाला तुझा ग्लास कोणी भरला?"

"नाबोरनं."

"मग कोर्टात तो पहिलं काय सांगेल? एक ओळ खोटी निघाली की अख्खा कागद खोटा. पोरीचं गॅरेज गेलं."

त्या दिवशी दुसऱ्या ग्लासानंतर मीच त्यांना फोन केला होता, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

"गटात काय तोंड दाखवू?"

"आहे तेच दाखव. दुसरं कुठून आणणार? खुर्ची ठेवलीये तुझी."

५. दुरुस्ती : वरील 'नऊ वर्षे' रद्द समजावे.

साक्षीदार : फिदेन्सियो तेकुआपेत्ला, आर्काडिया मोरालेस, गटात कॉफी करणाऱ्या. दोघांनी माझ्या तोंडाचा वास घेऊन सह्या केल्या.

सही : एलेउतेरियो कुआउत्ले
स्थळ : आत्लिश्को
तारीख : १४ मार्च २०१९
शेवटचा ग्लास : ३ मार्च २०१९. आज अकरावा दिवस.