वाघाच्या तोंडातली वही

रवि. १८ जाने.

आजचा दिवस फिरला तो दुपारी साडेबाराला, मी पेन हातात घेतला तेव्हा. एक मिनिटही लागलं नसेल. कॉलेज सोडलं तेव्हाही एवढाच वेळ लागलता.

नीट लिहितो. पांढरकवड्याच्या अलीकडं हायवेला लागून ते सिमेंटच्या प्राण्यांचं पार्क. काजल दिवाळीपासून म्हणत होती, एकदा जाऊ. ती यवतमाळच्या होस्टेलातून बसनं आली, मी मुकुटबनहून गाडीवर. स्टँडवर ओढणी तोंडाला बांधली, मागं बसली.

गेट म्हणजे सिमेंटचा वाघ, आ वासलेला. खालच्या दातांच्या मधात तिकिटाची खिडकी. आत पन्नाशीचा माणूस, दुपारच्या उन्हात कानाला मफलर. जोडप्यांची वही वेगळी ठेवलेली.

"लग्न झालं न? बिनालग्नाचे सोडत नाई आमी."

मागं चार-पाच पोट्टे रांगेत. एक जण म्हणाला, "दादा गारठला." बाकीचे हसले. माझं डोकं गेलं. लिहिलं: श्री. प्रज्वल ढोके, सौ. काजल प्रज्वल ढोके, मु. मुकुटबन. मोबाईल नंबर. सगळं खरं, एक सौ. सोडून.

तो उलटं वाचत होता. "सूनबाईचं माहेर कोणतं?"

वहीत तसा रकाना नाही. आपल्याकडे नव्या नवरीला कोणीही विचारतं तसं त्यानं विचारलं. काजलनं मागून शर्ट ओढला. मी थांबलो असतो तर ते पोट्टे पुन्हा हसले असते. तोंडानं सांगून भागलं असतं, मी लिहून दिलं. माहेर आडे, वरचा तांडा. आमच्या गावाजवळचीच बंजारा वस्ती.

तो काजलकडं पाहत राहिला. ओढणी सोडलेली होती तिनं तोवर. मग एकच तिकीट फाडलं. "लेकीचे पैसे नाई घेत मी. पाचच्या आत भायेर या. नाल्यात वाघ उतरून राह्यला."

"खरा?"

"खरा. हे वरतं ओरडून राह्यलं थे मशीन हाय. खरा आवाज नाई करत."

स्पीकरमधून दर पाच-दहा मिनिटांनी डरकाळी. दिवसभर तीच एक, शेवटी घशात खरखर.

आत गेल्या गेल्या काजल: "माहं तिकीट काहून नाई घेतलं त्यानं?"

"चांगला माणूस असन."

"चांगला माणूस माहेर विचारते का? अन् तू लिवून देतं?"

मगरीच्या नावेत बसल्यावर जरा हसली. एका डोळ्याचं अस्वल होतं, रंग गेलेलं, त्याच्यापुढं उभी राहून म्हणे, "हा तुहा सख्खा भाऊ. नाकावर राग पाह्य." हरणांच्या चक्रीवर तीनदा बसली. हत्तीच्या पोटातून जिना आहे, वर सोंडेतून घसरगुंडी. पोटात अंधार, सिमेंटचा वास. तिथं थांबली आणि म्हणाली, नर्सिंगचं अजून दीड वर्ष आहे. मग नोकरी लागेस्तोवर सहा महिने. तोपर्यंत घरी काही बोलू नको.

"दोन वर्ष तुले थांबता येत नाई का?"

मी म्हणालो, "नाई येत."

ती एकटीच घसरली खाली. मी जिन्यानं उलटा उतरलो.

पावणेपाचला निघालो तेव्हा खिडकीत कोणी नव्हतं. मफलर खुर्चीवर. वहीपण नव्हती.

सोम. १९

काल पोचली का म्हणून रात्रीपासून मेसेज टाकून राह्यलो. एक टिक. सकाळी फोन बंद.

दुपारी होस्टेलात तिच्या खोलीत राहणाऱ्या पूजाला फोन केला. म्हणाली, सकाळी साडेसातला काजलचा भाऊ पिकअप घेऊन आलता. आई आजारी आहे म्हणून घेऊन गेला. पुस्तकं न्यायला काजल परत वर आली, तर तो खालूनच म्हणाला, पुस्तकं राहू दे.

पुस्तकं राहू दे काहून?

मंगळ. २०

तिची आई आजारी नाही. आज तुरीच्या वावरात पाहिली मी, रस्त्यावरून. पेंढ्या उचलत होती. मला पाहून खाली वाकली ते वर आलीच नाही.

चार वाजता फोन. नंबर अनोळखी. "हॅलो, कोण?" तिकडून काही नाही. श्वास ऐकू येतो. शिवी देणार होतो तेवढ्यात मागून आवाज आला. डरकाळी. घशात खरखर.

ठेवला त्यानं.

बुध. २१

काम नाही झालं. बाबांनी कापसाच्या गाडीसोबत पाठवलं तर तिथं काटेवाल्याशीच भांडलो. बाबा सांजच्याला फक्त म्हणाले, "आता कोणाले मारून आला?" मारलं नव्हतं.

गुरु. २२

पार्कात गेलतो. ते पान फाडून आणायचं एवढंच डोक्यात. रस्त्यात नाल्यापाशी लोक जमले होते, रात्री वाघानं कोणाची गाय ओढून नेली. तिची साखळी नुसती खुंट्याला.

पार्क उघडं पण आत गिऱ्हाईक नाही. डरकाळी चालूच. मफलरवाला खिडकीत. मला पाहून उठलाही नाही, वही पुढं सरकवली. म्हणजे मी येणार हे धरूनच होता.

१८ तारखेचं पान नाही. ब्लेडनं काढलेलं, सरळ.

"कोणं काढलं?"

"मीनंच काढलं अन् मीनंच तांड्यात नेऊन देल्लं. मी वरच्या तांड्याचा जावई हाव. काजल माह्या बायकोच्या मावसभावाची पोरगी. पोरीच्या पायातले तोडे मीनं देल्ले, वर्षाची होती तवा."

कॉलर धरली मी त्याची. खिडकीतून हात घालून. त्यानं सोडवली नाही. तसाच बोलत राहिला.

"पोट्ट्या, चूप बसलो असतो तर उद्या माह्यावरच आलं असतं, जावयाच्या डोळ्यादेखत पोरगी फिरली म्हणून. नुसतं नाव लिवलं असतं तर मी पाह्यलं नाई म्हटलं असतं. माहेर कायले लिवलं बाप्पा? माहेर लिवलं म्हणजे त्यायले साक्षीले बलावलं तू."

हात सोडला मी. त्यानं मफलर नीट केला.

"मंगळवारी फोन तुम्हीच केलता?"

"सांगणारच होतो. मंग वाटलं, याले सांगून काय होते."

शनि. २४

आज मुकुटबनचा बाजार. मी मिरच्यांच्या दुकानापाशी उभा. काजलची आई आली, काजल तिला याडी म्हणते. माझ्याकडं न पाहता मिरच्या निवडायला बसली. मीही बसलो. तिच्या हातात मिरची, बोलते मिरचीशी. जसं आठवतं तसं लिहितो, एक शब्द इकडं तिकडं नको.

गुरुवारी दहा वाजता तांड्यात नसाब, म्हणजे त्यांची पंचायत. तांड्याचा नायक, शिवाय काजलचे बाबा आणि मोठी माणसं बसतील. पान मधात ठेवतील. मला बोलावणं येईल. एकच विचारतील, हे लिहिलं ते खरं का खोटं.

खरं म्हटलं तर मी सौ. लिहिलं ते लग्न म्हणून धरतील. त्याच दिवशी एका लुगड्यावर पोरगी माझ्यासोबत काढून देतील. मग तिला तांडा नाही, माहेर नाही. कोर्सची फी तिचे बाबा भरतात, ती बंद. होस्टेल बंद.

खोटं म्हटलं, आत जायला मिळावं म्हणून पोरीचं नाव वापरलं म्हटलं, तर नाक घासून माफी. काय मार पडायचा तो पडेल. तांड्याकडं, काजलकडं पुन्हा पाहणार नाही अशी शपथ. आणि सोमवारी पोरगी होस्टेलात परत. तिच्या बाबांनी तसा शब्द दिला याडीला.

"काजल काय म्हणते?"

"काय म्हणन? खोटं म्हण म्हणते."

याडीनं मिरच्या पदरात घेतल्या.

"थे म्हणते, त्याले दोन वर्ष थांबता येत नसन, तर अर्धा घंटा खोटं तरी बोलता येते का विचार."

गेली. दुकानदार म्हणाला, "ढोके, मिरच्या घेतं का नुसत्या चाळतं?"

रवि. २५

तिनं स्वतः म्हटलं असेल का? का याडीनं तिच्या नावावर सांगितलं? का तिच्या भावानं याडीकडून वदवून घेतलं?

आठ दिवस झाले. मागच्या रविवारी या वेळी ती तिसऱ्यांदा हरणावर बसत होती.

आणि मी खोटं कुठं लिहिलं. घाईनं लिहिलं.

सोम. २६

शाळेत झेंडावंदन. मी मागं, कडुनिंबाखाली. राष्ट्रगीत सुरू असताना समोरच्या बाजूला तिचा भाऊ सचिन दिसला. सावधान उभा, पांढरा शर्ट. गीत संपलं, बुंदी वाटली. तो आला. मी मुठी आवळल्या. हाणला तर हाणतो, असंच होतं मनात.

त्यानं स्वतःच्या कागदातली अर्धी बुंदी माझ्या कागदात टाकली.

"घे न. बरा हाय का?"

मग खिशातून झेरॉक्स काढली. माझं अक्षर. सौ. वरचा अनुस्वारासारखा शाईचा ठिपकाही आला होता त्यात.

"तुह्यंच न?"

"हाव."

"अक्षर चांगलं हाय. कॉलेज सोडाले नोतं पायजे." कागद घडी करून माझ्या शर्टाच्या खिशात घातला, खिसा थोपटला. "गुरुवारी, दहा वाजता. एकटाच ये, सोबत पोट्टे आणू नको. आमी काई करत नाई. फक्त विचारतो."

आवाज एकदाही चढला नाही त्याचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला तेवढं तरी जमतं. माझ्या हातून बुंदी सांडली.

मंगळ. २७

बाबांना सांगितलं. सगळं. जेवता जेवता सांगितलं, त्यांचा हात ताटातच राहिला.

वाटलं ओरडतील. जात काढतील, घराबाहेर हो म्हणतील. ते म्हणाले, "तू कॉलेजात सरायसंग भांडला, म्हणाला मले नाई शिकाचं. पंधरा दिवसानं म्हणाला, शिकाचं होतं. तुह्यं असंच हाय. तथी जे म्हणशीन थे म्हण. पण एकदाच म्हण. थे पोरगी आली तर मी दाराबाहेर ठेवणार नाई, अन् नाई आली तर मंग तू तांड्याच्या रस्त्यानं दिसला नाई पायजे."

आईनं ताटं उचलली.

बुध. २८

एकच फोटो आहे माझ्याकडं. हरणाच्या चक्रीवर काजल. त्या दिवशी वाटलं ती हसतेय. आज मोठा करून पाहिला. ती माझ्याकडं पाहतच नाहीये. मान वळवलेली, गेटकडं. तेव्हापासूनच माहीत होतं तिला. मी चक्री फिरेपर्यंत वडापाव खात होतो.

दोन्ही वाक्यं म्हणून पाहिली, मागच्या खोलीत, कापसाच्या ढिगापुढं.

"खरं लिवलं." सोपं जातं. छाती भरते. लगेच पुढचं दिसतं, संध्याकाळी गाडीवर माझ्या मागं काजल, ओढणी न बांधता. आमच्या घरात. रोज. दीड वर्ष नाही, दोन वर्ष नाही, उद्याच. मग तिची ती पुस्तकं होस्टेलात खाटेखाली पडलेली. फी मी भरीन म्हणतो, पण तांड्यानं टाकलेली पोरगी ती, बाबांच्या वावरात निंदायला जाईल. माझ्याकडं कशी पाहील. त्या अस्वलाकडं पाहिलं तशी?

"खोटं लिवलं." चारदा प्रयत्न केला, घशात खरखर. पाचव्यांदा निघालं. माझ्या आवाजासारखं नव्हतं.

हत्तीच्या पोटात तिनं विचारलं तेव्हा दोन सेकंद थांबलो असतो तर. नाई येत म्हणायला किती घाई होती मला. रांगेतल्या पोट्ट्यांसाठी लिहिलं, तिच्यासाठी थांबलो नाही. हे आज लिहितोय, याला काय अर्थ.

सांजच्याला सचिनची पिकअप घरावरून गेली. हळू. हॉर्न नाही.

गुरु. २९, सकाळ ९

आंघोळ झाली. तोच शर्ट घातला, १८ तारखेचा. दुसरा काढला होता, परत ठेवला. खिशात झेरॉक्स.

तांडा दोन किलोमीटर. गाडी नेत नाही, पायी जातो. गाडी नेली की वाटेल, परत येताना मागं कोणीतरी बसणार.

वेळ झाली. पूजाचा मेसेज आत्ता: काजलची खाट अजून कोणाला दिली नाही, वॉर्डन सोमवारपर्यंत थांबते म्हणतात.

सोमवारपर्यंत.

बाबा वावरात गेले, मुद्दाम लवकर. आई चुलीपाशी परात घेऊन बसली आहे. मगाशी आली होती दाराशी, हाताला पीठ.

"सांजच्याले किती जणाच्या भाकरी टाकू?"

मी वही लिहीत होतो. मान वर केली नाही. ती उभी राहिली जरा वेळ, मग गेली. आता आतून परातीचा आवाज येत नाही. थांबली आहे ती, उत्तरासाठी.

उठतो. वही गादीखाली. आईला काही न सांगता बाहेर पडतो, दार ओढून घेतो.