सागवानी नावेला मोटर

२ ऑक्टोबर
विलास सकाळीच म्हणाला, नावेला मोटर लावू. धरणापलीकडे शेत, सोयाबीन सोंगायला, कापायला बाया न्यायच्या, वल्हं किती दिवस मारणार. खरं कारण बोलला नाही. मागच्या पावसाळ्यात यांना पलीकडे शेताच्या धुऱ्यावर, बांधाशी, साप चावला. पोराने, विलासने, एकट्याने वल्हं मारत नाव आणली. अलीकडचा काठ लागला तेव्हा हे गेलेले होते.

५ ऑक्टो.
मंगरूळपीर. रफीकभाई विहिरीच्या मोटरी दुरुस्त करतात, नावेच्या दोन जुन्या आणून ठेवल्यात. एक दहा हॉर्सपॉवरची, एक दोनची. विलास म्हणे, "विहिरीवर पाचची हाय, मंग नावेले दहाची पायजेच." रफीकभाईंनाही पटलं. आमच्याकडे मोटर म्हटली की विहीरच आठवते. मी म्हटलं, "भाऊ, नाव सासऱ्याच्या वेळची हाय."
"मंग तं जादाच ताकद लागन भाभी, बुढी हाय ते!"
दहाची आणली. नाही जमली तर दिवाळीआधी परत.

६ ऑक्टो.
सोबतची पुस्तिका हिंदीत. दिवसभर वाचली. वाचायला मी लग्नानंतर शिकले, किराण्याच्या पुड्यांवरून. हे चिडवायचे, "मास्तरीण, पुडीत काय बातमी हाय?" आता कोणी विचारत नाही.
लिहिलंय: आधी नावेची लांबी, मागच्या फळीची जाडी, बसणाऱ्यांचं वजन. त्यावरून मोटर. फळी दाबून पाहिली. एका कोपऱ्यात नख रुतलं. विलासला सांगितलं.
"पुस्तकातल्या नावेत कोनाचा बाप नसते, आई."
पुस्तिका मिटली.

८ ऑक्टो.
मोटर बसवताच नाव मागून दबली. विलास मागे, मी पुढे. त्याने दोरी ओढली, मूठ पिळली. नावेचं तोंड आभाळाकडे, मागून पाणी आत. ओरडले, "बंद कर!" केली. वल्ह्याने काठ गाठला. फळीचा सांधा सुटलाय. काठावर शेजारची कमलाबाई, आमच्याच नावेने कामाला येते. "मी नाई बा बसत याच्यात. माह्या पोरीचं लगन बाकी हाय." एरवी हसलो असतो.

९ ऑक्टो.
विलास म्हणतो, नाव फोडू, फायबरची घेऊ. तिला दहाची झेपेल.
"काहून फोडतं रे?"
"मले पाह्यवत नाई हे नाव."
पहिल्यांदा बोलला. हे दर उन्हाळ्यात तिला जवसाचं तेल पाजायचे. अजून लाकडाला तो वास आहे. त्याला त्या नावेत बाप मेलेला दिसतो, मला—
भाकर करपली.

१३ ऑक्टो.
फोडण्याआधी एकदा दोनची लावून पाहू, म्हटलं. हो-नाही करत तयार झाला. सुताराने फळी बदलली, विलासने मोटर बदलून आणली. एका हाताने उचलता येते. "हे तं सायकलवानी हाय," म्हणाला. पण नाव सरळ बसली.
एकटाच गेला. पलीकडच्या बाभळीपर्यंत, जिथून त्या दिवशी यांना नावेत घेतलं होतं. तिथे जरा थांबला. मग परत. उतरताना त्याने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मीही काठावरून घड्याळच पाहत होते. त्या दिवशी वल्ह्याने किती वेळ लागला होता, त्याच्याशीच दोघं मोजत होतो.
दोनची ठेवायची का, रफीकभाईंना अजून निरोप नाही. नावेचंही काही ठरलं नाही. विलासने मोटर काढून खांद्यावर घेतली. मी वल्हं उचलायला वाकले.
"राहू दे ते नावेतच," म्हणाला.