गव्हर्नर माझ्या चुलीवरून निवडून येणार

३ ऑक्टोबर १९१०, सोमवार
आजपासून निवडणूक होईपर्यंत कुणाला टाकून बोलायचं नाही. जीभ आवरली तर माझ्या ऑरिनला तुरुंगावर पहारेकऱ्याची नोकरी. तुरुंग सरकारी, नेमणूक गव्हर्नरची, आणि गव्हर्नर होणार पेल्हॅम. त्याच्या पार्टीचा इथला पुढारी स्ट्रिकलंड ओसरीवर बसून सांगून गेला, तुमचं गाव आम्हाला द्या, नोकरी तुमच्या पोराला. नाही मिळाली तर ऑरिन बायकामुलं घेऊन ओक्लाहोमाला जाणार, मेव्हण्याच्या जमिनीवर. जाईना का. मला काय! तिकडे पाणीसुद्धा धड नाही म्हणतात.

संध्याकाळ. सुनेला टाकून बोलले. तिनंच भांडण काढलं. उद्यापासून नक्की.

९ ऑक्टोबर, रविवार
आम्हा बायकांना मत नाही. नसू दे. मत त्यांचं, पण शिजतं माझ्या चुलीवर. चर्चनंतर चौघांना जेवायला बोलावलं. लोहार होबार्ट, गिरणीवरचे दोघे बिनलग्नाचे भाऊ, आणि माझा दीर ज्यूबल. कोंबडीचा रस्सा, त्यात पिठाचे गोळे. पेल्हॅमलाच द्या म्हटलं, तर सगळ्यांनी माना हलवल्या. तोंडात घास असताना माणूस नाही म्हणत नाही. गाव जवळजवळ खिशात आलं.

कंबर गेली.

१६ ऑक्टोबर, रविवार
माझा भाचा ल्यूशियस शेरीफला उभा राहिला, आणि तोही समोरच्या पार्टीतून. जन्माचा नालायक, पण बहिणीचं पोर. शिवाय शेरीफच्या हाताखालीही पोलिसांच्या नोकऱ्या असतात. ही नाही तर ती. रात्रभर डोक्याला तोच भुंगा. सकाळी वाट सापडली.

मतपत्रिकेवर प्रत्येक पार्टीचा वेगळा रकाना. वर चित्र, न वाचणाऱ्यांसाठी. पेल्हॅमच्या पार्टीचा कोंबडा, ल्यूशियसच्या पार्टीचा गरुड. चित्राखाली गोल, त्यात शिक्का मारायचा. मग कोंबड्याखाली एक मारायचा, गव्हर्नरसाठी. गरुडाखाली एक मारायचा, शेरीफसाठी. इतकी साधी गोष्ट, पण इतक्या वर्षांत एकाही पुरुषाला सुचली नाही.

२३ ऑक्टोबर, रविवार
शाळा घेतली. टेबलावर पीठ लाटून त्यावर सुरीनं दोन्ही पक्षी काढले. गरुड बदकासारखा झाला, पण कळला. प्रत्येकाच्या हातात दोन लवंगा दिल्या. एक इथे टोच, एक तिथे टोच. होबार्टला दोनदा शिकवावं लागलं, त्यानं लवंग खाल्ली.

ज्यूबलनं विचारलं, वहिनी, दोन्हीकडे मारलेलं चालतं का? म्हटलं, जन्मभर मत देतोयस तू आणि विचारतोस मला? गप्प बसला. म्हणजे चालतं.

ऑरिन दारात उभा राहून बघत होता. काहीतरी बोलणार होता, मी त्याला लाकडं आणायला पाठवलं.

३० ऑक्टोबर, रविवार
आणखी माणसं आली. गवंडी, रेल्वेवरचे, कोण कोण. सफरचंदाचा केक पुरला नाही. पाय सुजलेत. सून म्हणाली, सासूबाई, जरा बसा. म्हटलं, बसून गव्हर्नर होत नसतो. हे टाकून बोलणं नव्हे.

८ नोव्हेंबर, मंगळवार
मतदान. आत बायकांना जाऊ देत नाहीत, म्हणून शाळेबाहेर गाडीत बसून राहिले. थंडी. एकेक जण बाहेर आला की मी नुसती मान वर करायची, तो मान खाली करायचा. होबार्ट तर ओरडलाच, आजी, दोन्ही! त्याला दटावलं. पण मनात म्हटलं, झालं.

९ नोव्हेंबर, बुधवार
पेल्हॅम निवडून आला. राज्यात.

आमच्या गावात पडला. थोडक्यात पडला. ल्यूशियससुद्धा पडला. ज्यूबल मोजणी ऐकून आला. मतपत्रिकांचा एक गठ्ठा रद्द केला म्हणे. एक गोल म्हणजे अख्खी पार्टी, दोन गोलांत शिक्के असले की मत कुणालाच नाही. मोजणारे हसत होते म्हणाला, असा गठ्ठा त्यांनी पाहिला नव्हता. मी विचारलं, केवढा गठ्ठा? त्यानं हातानं जाडी दाखवली. म्हणजे एकानंही शब्द मोडला नाही. स्ट्रिकलंडला अशी माणसं कुठे मिळणार?

नियमच खुळा आहे. मला कुणी सांगितला नव्हता.

१२ नोव्हेंबर, शनिवार
स्ट्रिकलंडकडे गेले. ओसरीवर बसवलंसुद्धा नाही. म्हणाला, बाई, ज्या गावानं गव्हर्नर दिला, नोकऱ्या त्या गावाला. नोकरी नदीपलीकडच्या कुणाला तरी गेली. त्याला समजावलं की आमची मतं पेल्हॅमचीच होती, फक्त जरा जास्तीची होती. दार लावलं.

घरी येऊन ऑरिनला म्हटलं, निदान तुझं तरी मत लागलं असेल. तो बूट काढत होता. म्हणाला, नाही आई, मीपण दोन्हीकडे मारला. चुकतंय असं वाटलं होतं. मग सांगितलं का नाहीस, विचारलं. म्हणाला, तुला?

२६ नोव्हेंबर, शनिवार
गेले. ऑरिन, सून, पोरं, सकाळच्या गाडीनं. सुनेनं सामान नीट बांधलं होतं, त्यात बोलण्यासारखं काही सापडलं नाही. धाकट्या नातीला झोपेतच उचलून गाडीत चढवलं.

मी ओक्लाहोमाला येणार नाही, हे आधीच पक्कं करून ठेवलं होतं. कारणंही तयार होती. पाणी, धूळ, माझे पाय. स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत थांबले. कुणी विचारलंच नाही, त्यामुळे नाही म्हणायचं राहून गेलं.