नाव घ्यायची अट

प्रिय आदिनाथ,

वर तुझं नाव लिहिलं आणि पाच मिनिटं नुसती त्याच्याकडे बघत बसले. चार अक्षरं, पण माझ्या हातून कागदावर पहिल्यांदाच उतरली. तेव्हाच्या चिठ्ठ्यांवरही मी कधी तुझं नाव घातलं नाही, कुणाच्या हाती पडल्या तर, या धाकानं. सोळा वर्षांत आपण एकमेकांना काही कळवलेलं नाही, म्हणून आधी बातमी सांगते. मी, शाळामास्तरीण, आता पॉडकास्ट करते. हसू नकोस.

सुट्टीच्या दिवशी पुणतांब्याला जाते, गोदाकाठच्या म्हाताऱ्या बायकांची बोलणी मोबाईलवर टिपते, आणि बेलापूरला शाळा सुटली की खिडकी लावून ती ऐकत बसते. हल्ली साखर कारखान्याचं गाळप सुरू आहे. हवेत मळीचा गोडूस वास, बाहेर उसाच्या ट्रॉल्या, आणि माझ्या कानात नदी. चहा गार होतो तरी कळत नाही. पहिला भाग राहीबाईंचा, घाटावर हार विकतात त्या. तो तयार आहे, फक्त सुरुवातीला आणि शेवटी वाजायला संगीत हवं.

इथेच माझं घोडं अडलं. माझी भाची दिशा हे सगळं जुळवून देते. तिनं दोन वाटा सांगितल्या. विकतचं घे, एकदा पैसे भरून परवाना मिळाला की कुठेही वाजव, कुणाचं नाव घ्यायला नको. नाहीतर फुकटचं घे, पण मग अट अशी की प्रत्येक भागाच्या शेवटी वाजवणाऱ्याचं नाव घ्यायचं. आठवडाभर मी दोन्हीकडचं ऐकलं. विकतच्या एका सतारीवर तर राहीबाई साबणाची जाहिरात करतायत असं वाटलं. फुकटातली एक बासरी बरी होती, पण त्या परदेशी माणसाचं नाव तीनदा प्रयत्न करूनही माझ्या तोंडात बसेना. राहीबाईंना हा घोळ सांगितला तर म्हणाल्या, "आगं, नाव घ्यायला काय जातंय तुझं? म्या पन्नास वर्सं मालकाचं नाव घेतलं न्हाई. आता लई घ्यावं वाटतं, तर ऐकायला ते न्हाईत." आणि पुन्हा हार ओवायला लागल्या.

घरी आल्यावर मी जुन्या मोबाईलचं मेमरी कार्ड शोधून काढलं. त्यात तुझी माउथऑर्गनवरची ती धून, तूच रचलेली, घाटाच्या पायरीवर बसून वाजवलेली. मध्येच टिटवी ओरडते, लांबून रेल्वे जाते, तू थांबत नाहीस, आणि गाडी गेल्यावर धून शांतपणे पुढे चालू असते. ती राहीबाईंच्या आवाजाआधी लावली आणि डोळे मिटले. पाणी दिसलं, पायरीवर काढून ठेवलेल्या तुझ्या चपला दिसल्या, आणि मी पुन्हा चोवीस वर्षांची झाले. दिशा म्हणाली, हीच. मग विचारलं, कुणाची गं? मी म्हटलं, आहे एक ओळखीचा. पुन्हा तेच केलं बघ मी.

आता खरं ते लिहिते. आपल्या लग्नाला आप्पांनी नकार दिला, असं मी तुला सांगितलं आणि तू शेवगावला निघून गेलास. आप्पांनी नकार दिलाच नव्हता. जेवणानंतर सुपारी कातरता कातरता त्यांनी मऊ आवाजात विचारलं होतं, "कोण आहे गं तो? नाव तर सांग." आणि मी म्हणाले, कुणी नाही. आमच्या भिक्षुकाच्या घरात शेतकऱ्याच्या मुलाचं नाव कसं घ्यायचं, ही भीती माझीच होती. आप्पा गेल्या माघात गेले. इतकी वर्षं तू त्यांना दोष देत असशील, तो माझा आहे, मला दे. तुझा संसार आहे, ठिबक सिंचनाचं दुकान आहे, हे ऐकून आहे मी. हे पत्र तुझ्या घरात सगळ्यांनी वाचलं तरी चालेल. मला फक्त त्या धुनेची परवानगी हवी आहे. दिशा म्हणते, पैसे देऊन रीतसर लिहून घे, म्हणजे नावाचा प्रश्नच येत नाही. पण मला ती फुकट दे, आदिनाथ. फुकट दिलीस तर अट लागू होते, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी, सगळ्यांना ऐकू जाईल असं, मला तुझं नाव घ्यावं लागेल.

तुझी सगळ्यात जुनी श्रोता,
नीलांबरी